पडदे किती पुरेत?

विद्युत गिटार आता आपल्या वस्तीत परकी राहिलेली नाही. गोव्यात तर साधी गिटार पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. मांडोच्या गायनाला व्हायोलिन आणि घुमट यांच्याबरोबर तिची साथ असते. परंतु ज्या घरांत आजवर पेटी, तबला आणि फार तर सतार एवढीच वाद्ये शिरली होती, त्या घरांतील तरुण मुलेही आता विजेवर वाजणारी गिटार मागू लागली आहेत. ती मागताना एक प्रश्न हटकून उपस्थित होतो: वाद्य २१ पडद्यांचे घ्यावे, २२ की २४? मुलगा म्हणतो, चोवीसच हवेत, त्याखेरीज 'लीड' वाजवता येणार नाही. वडील विचारतात, गरज काय? आणि संवाद तेथेच खुंटतो. कारण 'गरज' म्हणजे काय, हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

'गरज' हा शब्द वकिलाला रोज ऐकावा लागतो. पोटगीच्या अर्जात तो येतो; भाडेकरूकडून जागा परत मागणाऱ्या घरमालकाच्या दाव्यात तो येतो. तेथे कोणी 'मला हवे आहे' एवढे म्हणून भागत नाही. जो मागतो त्याने आपली गरज खरी आहे, वाजवी आहे आणि आजची आहे, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. गिटारच्या पडद्यांचा प्रश्न याच कसोटीवर घासून पाहिला, तर तो दिसतो तितका क्षुल्लक नाही, असे ध्यानात येईल.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. सतारीवर वा वीणेवर जसे पडदे, तसेच गिटारवर असतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे रागाप्रमाणे वरखाली सरकवता येतात. गिटारचे मात्र दांडीत कायमचे ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा समान भाग करून त्यांच्या जागा निश्चित केलेल्या असतात. प्रत्येक पडदा वाजणाऱ्या तारेची लांबी सुमारे अठराव्या हिश्शाने कमी करतो. बाराव्या पडद्यावर तार निम्मी उरते आणि स्वर एक सप्तक चढतो. चोविसाव्यावर पाव उरते आणि स्वर दोन सप्तके चढतो. चोवीस या संख्येचे आकर्षण येथेच आहे. एका तारेवर दोन पूर्ण सप्तके! हिशेब कसा नेटका, काठोकाठ भरलेला वाटतो.

'लीड' म्हणजे अनेक स्वर एकदम छेडून साथ करण्याऐवजी, एकेका स्वराने गाण्याचा मुख्य धागा गिटारने स्वतःच्या हाती घेणे. वीज येण्यापूर्वी समूहवादनात हे फारसे शक्य नव्हते. कर्ण्यांच्या नि तुताऱ्यांच्या गजरात गिटारचा एकेरी स्वर बुडून जाई. १९३६ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीने ई. एस. १५० ही विजेची गिटार बाजारात आणली आणि १९३९ साली बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदात चार्ली ख्रिश्चन हा तरुण तिच्यावर एकेरी स्वर वाजवू लागला. १९४२ साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. परंतु तेवढ्या अवधीत गिटारने साथीदाराची जागा सोडून गायकाची जागा घेतली होती.

गायकाची जागा घेतली, की वरच्या स्वरांची ओढ लागणे स्वाभाविकच. जुन्या स्पॅनिश घडणीच्या गिटारला सामान्यतः १९ पडदे असत आणि आजही असतात. त्यांतील बारा तेवढे लाकडी पेटाऱ्याबाहेर मोकळे राहतात. १९२९ साली पेरी बेक्टेल या बँजोवादकाच्या मागणीवरून मार्टिन कंपनीने चौदा पडदे मोकळे असलेली गिटार घडविली. पुढे विजेच्या गिटारी आल्या. फेंडर कंपनीने १९५० साली आणलेली, नंतर टेलिकास्टर नावाने प्रसिद्धी पावलेली गिटार २१ पडद्यांची. त्याच कंपनीची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टरही २१ पडद्यांचीच. गिब्सनची १९५२ ची लेस पॉल २२ पडद्यांची. १९८० नंतरच्या दशकात अतिजलद वादनाची आवड वाढली आणि पॉल रीड स्मिथ, आयबानेझ इत्यादी कारखान्यांच्या २४ पडद्यांच्या गिटारी लोकप्रिय झाल्या. यावरून पडद्यांची संख्या कोणी निसर्गनियमाने ठरवून दिलेली नाही, एवढे उघड होते. आपल्याकडील भाविकांना २२ या आकड्यावरून भरतमुनींच्या बावीस श्रुती आठवतील; तथापि हा निव्वळ योगायोग आहे. श्रुती हे एकाच सप्तकाचे सूक्ष्म विभाग. पडदे हे जवळजवळ दोन सप्तकांचे स्थूल विभाग. आकडा जुळला म्हणून अर्थ जुळत नाही.

आता मागणीचे मोजमाप करू. गिटारला सहा तारा असतात आणि तळाच्या खुल्या तारेपासून वरच्या खुल्या तारेपर्यंत दोन सप्तकांचे अंतर असते. २१ पडदे असता तळापासून शेंड्यापर्यंत ४६ वेगवेगळे स्वर मिळतात. २२ असता ४७. २४ असता ४९. एकवीसवरून चोवीसवर गेल्यास बोट ठेवण्याच्या जागा अठराने वाढतात, परंतु नवे स्वर मिळतात अवघे तीन. उरलेल्या पंधरा जागांवर, वरच्या तारांवर अगोदरच असलेल्या स्वरांची पुनरुक्ती होते. ही पुनरुक्ती अगदीच निरुपयोगी नाही. एखादी अवघड तान हात न हलविता घेण्यास ती उपयोगी पडते. तरीही 'त्याखेरीज लीड वाजवता येणार नाही' हे विधान तेवढ्यावर टिकणार नाही. आपले ख्यालगायन मंद्र, मध्य आणि तार अशा तीन सप्तकांत सामावते, आणि त्या तीन सप्तकांचे सोने करण्यास मोगूबाई कुर्डीकर वा केसरबाई केरकर यांच्यासारख्यांना उभे आयुष्य द्यावे लागले. एकवीस पडद्यांच्या गिटारचा पल्ला पावणेचार सप्तकांचा आहे.

शिवाय जे तीन स्वर अधिक मिळतात, त्यांपैकी पुष्कळसे पडद्यावाचूनही मिळू शकतात. बाविसाव्या पडद्यावर तार दाबून ती आडवी ओढली, की ताण वाढतो आणि स्वर चढतो; दोन पडद्यांइतका चढविला की चोविसाव्या पडद्याचाच स्वर ऐकू येतो. सतारियाला याचे नवल वाटणार नाही. मींड म्हणतात ती हीच. जिमी हेन्ड्रिक्स याने १९६७ ते १९७० या काळात स्ट्रॅटोकास्टरवर जे वादन केले, ते २१ पडद्यांच्या वाद्यावर. तेही उजव्या हाताची गिटार डावरेपणामुळे उलटी धरून, म्हणजे वरच्या पडद्यांशी हात पोहोचण्याची सोय आणखी कमी करून. अतिजलद वादनासाठी प्रसिद्ध असलेल्या यंग्वी माल्मस्टीन याच्या नावाची स्ट्रॅटोकास्टरदेखील २१ पडद्यांचीच आहे. म्हणजे गतीलाही चोविसाची अट नाही.

अधिक मिळविताना काय द्यावे लागते, हाही हिशेब मांडलाच पाहिजे. विद्युत गिटारमध्ये तारांखाली चुंबक आणि तारेची वेटोळी यांचे 'पिक-अप' बसविलेले असतात. तेच तारेचे कंपन विजेत उतरवितात. स्ट्रॅटोकास्टरमध्ये दांडीलगतचा पिक-अप जेथे असतो, साधारण तेथेच चोविसावा पडदा यावयास हवा. पडदा आणला की पिक-अपला मागे सरकावे लागते, आणि तो मागे सरकला की त्याच्या स्वराचा गोल, घुमारदार पोत काहीसा उतरतो. दुसरी गोष्ट जागेची. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली, तर पहिल्या पडद्याची जागा सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असते. तेविसाव्या आणि चोविसाव्या पडद्यांमध्ये जेमतेम साडेनऊ मिलिमीटर उरतात. प्रौढ माणसाचे बोट तेथे कसेबसे मावते. तिसरी गोष्ट हात पोहोचण्याची. लेस पॉल गिटारला पडदे २२ असले, तरी दांडी सोळाव्या पडद्यापाशीच अंगाला जोडलेली असल्यामुळे शेवटच्या पडद्यांवर हात नेणे कष्टाचे जाते. १९६१ साली गिब्सनने अंगाला दोन्ही बाजूंनी खोल खाच दिली आणि तेच २२ पडदे मोकळे केले. पडद्यांची संख्या एकाने वाढली नाही, पण उपयोगात येणारे पडदे वाढले. कायद्यात असे म्हणतात की, ज्या हक्काला उपाय नाही तो हक्क कागदावरचाच. हात पोहोचत नाही तो पडदाही तसाच.

येथपर्यंतचा पुरावा मुलाच्या विरुद्ध जातो असे वाटेल. परंतु निकालाकडे वळण्यापूर्वी कायद्याने 'गरजे'ची व्याख्या कशी केली आहे, ते पाहणे इष्ट ठरेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील ६८ वे कलम सांगते की, करार करण्यास असमर्थ असलेल्या माणसाला त्याच्या जीवनमानास अनुरूप अशा आवश्यक वस्तू कोणी पुरविल्या, तर त्यांची भरपाई त्याच्या मालमत्तेतून मिळू शकते. 'जीवनमानास अनुरूप' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायदा गरज म्हणजे मीठभाकर आणि अंगावरचे वस्त्र एवढेच मानीत नाही. विद्यार्थ्याला पुस्तक ही गरज आहे, वादकाला वाद्य ही गरज आहे.

याच विषयावर १९०८ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दिलेला नॅश विरुद्ध इनमन हा निवाडा विधी महाविद्यालयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. इनमन हा केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजचा विद्यार्थी, कायद्याच्या भाषेत अज्ञान. नॅश या लंडनच्या शिंप्याने त्याला उधारीवर कपडे शिवून दिले. त्यांत अकरा भपकेदार वेस्टकोट होते. पैसे मिळेनात म्हणून शिंप्याने दावा लावला. मुलगा सुखवस्तू घरातला होता. चांगले कपडे त्याच्या राहणीला शोभणारे होते. तरीही शिंपी हरला. कारण कपडे पुरविले त्या वेळी मुलापाशी योग्य कपड्यांचा पुरेसा साठा अगोदरच होता, हे त्याच्या वडिलांच्या साक्षीने पुढे आले. आणि त्या वेळी त्याला खरोखर उणीव होती, हे शिंप्याला सिद्ध करता आले नाही.

या निवाड्यात गरजेच्या दोन कसोट्या दिसतात. वस्तू त्या माणसाच्या जीवनाला साजेशी आहे काय, ही पहिली. आज, या घडीला, तिच्यावाचून त्याचे काही अडले आहे काय, ही दुसरी. बाजार पहिली कसोटी नेहमी पुढे करतो आणि दुसरीविषयी मौन पाळतो. चोवीस पडदे लीड वाजविणाऱ्याला साजेसे आहेत, यात संशय नाही. परंतु मागणाऱ्याचे वादन आजच्या पडद्यांच्या शेवटापर्यंत जाऊन तेथे अडले आहे काय? जो अद्याप बाराव्या पडद्याच्या अलीकडेच वावरतो आहे, त्याचा चोविसाव्याचा आग्रह म्हणजे अकरावा वेस्टकोट होय. आणि सिद्धतेचा भार मागणाऱ्यावर आहे.

पण वडिलांनी हा निवाडा आपल्या बाजूचा मानून निश्चिंत होऊ नये. 'गरज काय?' हा प्रश्न जिज्ञासेने विचारता येतो, तसाच नकार म्हणूनही विचारता येतो. आणि आपल्या समाजात तो बहुधा दुसऱ्याच रीतीने विचारला जातो. ज्याला संगीतातले काही ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या संगीताची गरज ठरविणे म्हणजे साक्षीपुरावा न ऐकताच निकाल देणे. १९२९ साली मार्टिन कंपनीने बेक्टेलला उत्तर दिले असते की, आजवर बारा मोकळे पडदे सर्वांना पुरले, तुम्हालाच चौदा कशाला? तर पोलादी तारांच्या गिटारची आजची सर्वमान्य घडण इतक्या लवकर झाली नसती. एका पिढीचा अतिरेक पुढच्या पिढीची रीत होतो, याची उदाहरणे प्रत्येक कलेच्या इतिहासात सापडतात. म्हणून 'पूर्वी चालत होते' हा पुरावा पुरेसा नाही. देवळात नित्याला एक नंदादीप पुरतो आणि उत्सवाच्या रात्री अवघा दीपस्तंभ उजळावा लागतो; दिव्यांची संख्या वेगळी, पण दोन्हींत अपव्यय नाही, कारण प्रसंग वेगळा आहे. साधेपणा हा गुण खरा; परंतु तो स्वतःच्या बाबतीत गुण आहे. दुसऱ्यावर लादला की त्याला कंजूषपणाची कळा येते.

या संदर्भात ब्रायन मे या इंग्रज वादकाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९६३ साली, शाळकरी वयात, नामांकित अमेरिकन गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच एक गिटार घडवावयास घेतली. दांडीसाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड वापरले, तारांचा ताण सांभाळण्यासाठी मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या. त्या गिटारला पडदे चोवीस आहेत. बाजारात तशी सहसा मिळत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. पुढे क्वीन या वृंदातले आपले सारे नाव त्याने मुख्यतः याच वाद्यावर मिळविले. येथेही चोवीसच पडदे आहेत. परंतु ते कोणाच्या विक्रीपत्रकावरून मागितलेले नाहीत. प्रत्येक पडदा हाताने मोजून, हाताने बसविलेला. गरज खरी की हौस, हे ओळखण्याची एक खूण येथे मिळते. खऱ्या गरजेसाठी माणूस स्वतः कष्टावयास तयार असतो; आणि तिचा खरेपणा पटलेला बापही हाती हत्यार घेऊन शेजारी बसतो.

आता पडद्यांपेक्षा अधिक मोलाच्या एका गोष्टीकडे येऊ. पडदा स्वराची जागा दाखवितो. त्या स्वराशी कसे जावयाचे आणि तेथून कसे निघावयाचे, हे तो दाखवीत नाही. दक्षिणेकडील सरस्वती वीणेला मेणात बसविलेले चोवीस पडदे असतात. त्या रचनेचे श्रेय परंपरा सतराव्या शतकातील तंजावरच्या रघुनाथ नायकाला देते. म्हणजे चोवीस पडदे आणि त्यांनी साधणारी दोन सप्तके ही गोष्ट आपल्याला मुळीच नवी नाही. परंतु वीणावादकाची थोरवी त्या चोवीस जागांवर बोट ठेवण्यात कोणी मानीत नाही. तार ओढून दोन पडद्यांमधील अवकाशात तो जे गमक उमटवितो, त्यात मानतात. सरोदला तर पडदेच नाहीत. जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाने १९७० नंतरच्या दशकात झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्यासह 'शक्ती' या वृंदात वादन केले, तेव्हा त्याने गिटारच्या पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट करून घेतले. हेतू हा की, तार मोकळेपणी ओढली जावी. पडद्यांच्या संख्येने न मिळणारे काही तरी त्याला त्या दोन पडद्यांमधल्या पोकळीत हवे होते. बी. बी. किंग तर एका स्वरावर बोट ठेवून ते नुसते थरथरवी, आणि त्या थरथरीवरून ऐकणारा त्याला ओळखी.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. दोन वाद्यांच्या किमतीत थोडाफार फरक पडेल, न पडेल. खरी जोखीम निराळीच आहे. 'वाद्य अपुरे आहे' असे एकदा मनाने घेतले, की आपल्या हातातील प्रत्येक उणिवेला राहावयास एक घर मिळते. पुढे चोवीस पडदे आले तरी ते घर रिकामे होत नाही. मग सात तारांची गिटार हवी असते, मग निराळे ध्वनिवर्धक. योगसूत्रांत पतंजलींनी अपरिग्रहाची गणना यमांमध्ये केली आहे. अपरिग्रह म्हणजे दारिद्र्य असा अर्थ लोक करतात, तो अपुरा वाटतो. जे घेतले ते पूर्ण वापरल्यावाचून त्याच जातीचे दुसरे न घेणे, असाही त्याचा एक व्यवहार्य अर्थ करता येईल. आणि साधकाइतकाच तो वादकालाही लागू पडतो.

तेव्हा निर्णय असा. एकवीस पडद्यांची गिटार लीडवादनाला अपुरी नाही. तिच्यावर या कलेतले काही अत्युत्तम वादन झालेले आहे. नव्याने घेणाऱ्यास बावीस पडदे बहुतेक सर्व कामांना पुरेत. कारण त्यांवरून मींडीने चोविसावा स्वरही हाती येतो. ज्याचे संगीतच त्या स्वरावर उभे आहे, ज्याला तो स्वर ओढून न घेता सरळ, जलद आणि पुनःपुन्हा हवा आहे, आणि पिक-अप मागे सरकल्याने होणारी पोताची हानी ज्याने कानाने पारखून पत्करली आहे, त्याला चोवीस पडदे ही गरजच आहे, आणि 'पूर्वी चालत होते' एवढ्यावरून ती कोणी नाकारू नये. मात्र तो कोण, हे वादनानेच सिद्ध व्हावयाचे. मुलाने पुरावा द्यावा. वडिलांनी तो शेवटपर्यंत ऐकावा, आणि पटल्यास हात आखडता घेऊ नये.

असा पुरावा मिळविण्यास फार खटाटोप नको. बाविसाव्या पडद्यावर तार दाबावी, बरोबर दोन पडद्यांइतकी ओढावी, आणि स्वर सुरात लागून तेथे ठरतो की नाही, ते ऐकावे.